एकट्या माणसाची चिलीम

उष्टं खायचं नाही, उष्टं प्यायचं नाही, उष्ट्या हातानं वाढायचं नाही, हे ज्या मुलखात पोराला चालता येण्याआधी शिकवतात, त्या मुलखात मी उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडातले पाइप विकत होतो. तंबाखू ओढायचे पाइप, साहेबलोकांचे. आणि घेणारे कोण? वकील, डॉक्टर, प्रोफेसर, जंगलखात्यातले रेंजर. ज्यांच्या घरी पाहुण्यानं चुकून तांब्याला तोंड लावलं तर तो तांब्या चुलीत घालून शुद्ध करून घेत, तेच गृहस्थ कुठल्यातरी गोऱ्यानं वर्षानुवर्षं चघळलेला पाइप खुशाल ओठात धरून कोर्टाच्या पायऱ्या चढत. हे कसं घडत असे, ते आता सांगायला हरकत नाही. दुकान बंद झालं, मालक अल्लाघरी गेले आणि गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांना डॉक्टरांनी तंबाखू वर्ज्य केली.

१९५६ साली आमचा यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, त्याच सुमारास मी कादरभाईंच्या दुकानात गेलो. बाजारात त्यांचं जुन्या सामानाचं दुकान होतं. घड्याळं, आरसे, बिजागऱ्या, कंदील, चिनीमातीच्या बरण्या, एक पाय तुटलेले पलंग, असा सगळा पसारा. मला ठेवलं होतं माल हुडकायला. सायकल एस.टी.च्या टपावर टाकायची आणि आठवडी बाजार करत फिरायचं. आज राळेगाव, परवा पुसद. पहिल्याच महिन्यात मी एका पोत्यातून तीन पाइप काढून आणले आणि ते आठवड्याभरात खपले. कादरभाईंनी माझ्याकडं जरा नीट पाहिलं. म्हणाले, "गुलाब, तुले नाक हाय बेटा. आता आरसे-फिरसे सोड. तू फक्त पाइप पाह्य."

कापसाच्या जिल्ह्यात पाइप कुठून येणार, असं कुणालाही वाटेल. पण कापसामुळंच ते आले. जिनिंग-प्रेसिंगचे इंग्रज मॅनेजर, जंगलाचे साहेब, रेल्वेचे, कलेक्टर कचेरीचे. हे लोक गेले तेव्हा बंगल्यातलं जड सामान लिलावात गेलं आणि किरकोळ सामान खानसाम्याला, माळ्याला, शिपायाला बक्षीस मिळालं. बक्षीस मिळालेला पाइप ओढायची त्या बिचाऱ्यांची छाती नव्हती. मग तो घरात काहीबाही कामाला लागायचा. शिवणयंत्रात तेल सोडायला पाइपाची दांडी वापरणारा शिंपी मी पाहिला आहे. एका घरी पाइपाची वाटी दाराच्या अडसराला मूठ म्हणून ठोकलेली होती. आणि एका आजीनं तर पाइप पाळण्याला टांगला होता, दृष्ट लागू नये म्हणून. तो काही मी मागितला नाही.

बाजारात पाइप हुडकायचा एक नियम होता. पाइप कधी मागायचा नाही. गोणपाटावर कुलपं, किल्ल्या, खिळे, चष्म्याच्या काड्या मांडून बसलेल्या माणसासमोर उकिडवं बसायचं, एखादं गंजलेलं कुलूप उचलून त्याच्यावर अर्धा तास घासाघीस करायची. पाइप नुसता दुसऱ्या हातानं उचलायचा, कंटाळा आल्यासारखा. तेवढ्यात नाकानं काम उरकायचं. खरा पाइप ब्रायर नावाच्या परदेशी झुडपाच्या मुळीचा असतो, ती मुळी आगीला दाद देत नाही. कितीही जुना असला तरी त्याला खारकेसारखा थोडा गोड वास राहतो. आपल्याकडच्या सुतारांनी शिसवीचे करून काळ्या पॉलिशनं रंगवलेले पाइपही बाजारात असत. त्यांना नुसता पॉलिशचा वास. पेटवला की वाटीच पेटायची. एका नवख्या डॉक्टरांनी असा एक पाइप माझ्या नकळत दुसरीकडून घेतला आणि दवाखान्यात ओढायला गेले. कंपाउंडरनं पाण्याची बादली ओतली ती पाइपावर कमी आणि डॉक्टरांवर जास्त.

हुडकून आणलेला पाइप साफ करणं हे निराळं शास्त्र. वाटीत बारीक मीठ भरायचं, त्याच्यावर थेंबथेंब स्पिरिट सोडायचं आणि एक अख्खा दिवस तसाच ठेवायचा. मीठ आतली जुनी कडू घाण शोषून घेतं आणि चहासारखं तपकिरी होतं. मग मीठ काढून आणखी एक रात्र वाळू द्यायचा. घाई केली तर पहिल्याच झुरक्याला गिऱ्हाईक शिव्या देत परत येतं. पुढं दारूबंदी आली आणि स्पिरिटची पंचाईत झाली. दुकानातून येणाऱ्या वासावरून एकदा जमादार आत शिरले, सगळ्या बरण्या हुंगल्या आणि शेवटी मिठानं भरलेले पाइप पाहून म्हणाले, "काहून बे, हे लोणचं घालून राह्यले का?"

राहिला उष्ट्याचा प्रश्न. त्यावर कादरभाईंचा साधा फतवा होता: तोंडी बदलली की उष्टं गेलं. तोंडी म्हणजे दांडीचं टोक, जे ओठात धरतात ते. आमचा एक खरादी होता, तो म्हशीच्या शिंगाची सुबक तोंडी कातून द्यायचा. जुनी काळ्या रबराची, दातांच्या खुणा पडलेली तोंडी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत काढून फेकायची आणि नवी बसवायची. त्या फेकण्यात थोडं नाटक लागायचं. एक शास्त्रीबुवांचे चिरंजीव प्रोफेसर झाले होते, ते बराच वेळ तोंडी न्याहाळत राहिले आणि दबक्या आवाजात विचारलं, "शिंग कशाचं?" म्हटलं, "म्हशीचं." "मग काही हरकत नाही," असं म्हणून घेऊन गेले. त्यांच्या घरात कंगवाही शिंगाचाच होता, त्यामुळं शास्त्राला बाध येत नव्हता.

सगळ्यांत जास्त चालला तो मात्र आमच्या एका फोटोग्राफरनं घेतलेला पाइप. तो स्वतः विडी ओढायचा. पाइप त्यानं स्टुडिओत ठेवला. लग्नाला आलेला जो मुलगा फोटो काढायला येई, त्याच्या हातात पाइप द्यायचा, मागं पडद्यावर रंगवलेला बंगला. पुसदच्या एका व्यापाऱ्याकडं मुलीसाठी यवतमाळची तीन स्थळं आली, तिन्ही फोटोंत तोच पाइप! व्यापारी तडक यवतमाळला आला. त्याला वाटलं, एकच माणूस मिशा बदलून तीनदा फोटो पाठवतो आहे. शेवटी मुलगी दिली ती चौथ्या, बिनपाइपाच्या मुलाला.

असल्या गमती पुष्कळ सांगता येतील. पण कुणी विचारलं की तुमचा सगळ्यांत अवघड माल कोणता, तर मला दिवाळीतला एकच पाइप आठवतो. तो आम्ही विकलेला नव्हता आणि त्याच्यात आम्हाला मिळायचंही काही नव्हतं.

दिवाळी आठवड्यावर आलेली. दुपारची वेळ, कादरभाई नमाजाला गेलेले. दुकानाच्या मागच्या दारानं एक बाई आल्या. पदर डोक्यावरून, सोबत कोणी नाही. पाहतो तर नानासाहेब वकिलांच्या पत्नी, माईसाहेब. हे नानासाहेब आमच्या दुकानाची नेहमी थट्टा करायचे. त्यांनी त्यांचा पाइप तरुणपणी नागपूरला नवाकोरा घेतलेला होता. "यवतमाळात बिनउष्टा पाइप एकच, तो माझा," असं ते चारचौघांत सांगायचे.

माईसाहेब स्टुलावर बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "गुलाबराव, मी घात केला हो. पाइप गेला."

झालं होतं असं. नानासाहेब एका मोठ्या खटल्यासाठी नागपूरला भावाकडं मुक्कामाला होते. जाताना नवा काळा कोट घालून गेले आणि पाइप जुन्या तपकिरी कोटाच्या आतल्या खिशात राहिला. इकडं माईंनी दिवाळीची आवराआवर काढली. दारावर भांडेवाली आली. जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या या बाया आमच्याकडं दिवाळीच्या आधी हमखास येतात. माईंनी तपकिरी कोट दिला, वर दोन धोतरं घातली आणि झाकणाचा एक पितळी डबा घेतला. आणि दोन आठवड्यांनी कारकुनाबरोबर नानासाहेबांचा निरोप आला, पाइप कोटात आहे, सांभाळून ठेव, पाडव्याला सकाळी घरी येतो.

मी म्हटलं, "माईसाहेब, रागावतील एखादे वेळी. दुसरा पाहू आपण. मी चांगला हुडकून देतो."

"रागावले तर बरं होईल," माई म्हणाल्या. "रागावत नाहीत ते. गप्प बसतात. संध्याकाळी झोपाळ्यावर पाइप पेटवतात आणि तो विझेपर्यंत माझ्याशी बोलतात. आज कोर्टात कोण खोटं बोललं, जज्ज कसा हसला. पाइप विझला की संपलं. दोन्ही मुली सासरी गेल्या. मला दिवसाकाठी तेवढंच बोलणं आहे हो घरात. मागं एकदा पाइप दुरुस्तीला होता तेव्हा महिनाभर हूं आणि हां याच्यापलीकडं शब्द नाही. दुसरा आणून दिला होता, त्याला हात लावला नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आणतो, असं बोलून बसलो. कादरभाई परत आल्यावर त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बहेनजीले जबान देली ना? मग जाय. दुकान मी पाह्यतो."

लोहाऱ्याकडच्या वस्तीत ती भांडेवाली सापडली. नाव पारूबाई. कोट तिला पक्का आठवत होता. "थ्या कोटाची बाही उंदरानं खाल्ली होती जी. मी गठ्ठ्यात बांधून राळेगावच्या बाजारवाल्याले देला. खिशे पाह्यत नसतो आमी. खिशे पाह्यले तं पाप लागते."

राळेगावच्या बाजारात तो जुन्या कपड्यांचा दुकानदार सापडला. तपकिरी कोट अजून दोरीवर लटकत होता. खिसा रिकामा. मी नियमाप्रमाणं आधी एका बंडीवर घासाघीस सुरू केली, पण त्याला माझा चेहरा कळला असावा. "पाइप पाह्यजे ना तुम्हाले? गेला थो. तांड्यावरचा एक म्हातारा घेऊन गेला, हरसिंग. पण त्याच्यापासून तुम्हाले भेटत नाही."

"काहून?"

"त्याचं हुक्कापाणी बंद हाय तांड्यात."

हुक्कापाणी बंद म्हणजे माणूस वाळीत टाकलेला, एवढं ठाऊक होतं; पण पाइपाचा त्याच्याशी संबंध कळला नाही. सायकल मारत तांड्यावर गेलो. राळेगावच्या पलीकडं कापसाच्या वावरांच्या कडेला बंजाऱ्यांची पंचवीस-तीस घरं. एके काळी यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडायचे, आता शेती करत होते. पारावर पाच-सहा जण बसलेले, मधे चिलीम फिरत होती. चिलमीच्या बुडाला ओलं फडकं, ज्याला साफी म्हणतात, ते गुंडाळलेलं. प्रत्येकजण मूठ वळून मुठीतून झुरका घेत होता आणि पुढच्याला देत होता. आणि समोरच्या घराच्या ओट्यावर एकटाच एक उंच म्हातारा बसला होता. लाल मुंडासं, पांढऱ्या मिशा आणि मिशांखाली नानासाहेबांचा पाइप.

मी जवळ जाऊन पाहिलं. त्यानं पाइपात गूळ घालून कुटलेली काळी तमाखू ठासली होती आणि चिलमीवर ठेवतात तसा वर चांगला रसरशीत निखारा ठेवला होता. वाटीची कड जळून कोळसा व्हायला आली होती. पाइपाच्या जन्मात असा निखारा कुणी ठेवला नसेल.

"आव, बेस," म्हातारा म्हणाला. मी बसलो. खरं काय ते सांगून टाकलं. वकील, माई, कोट, झोपाळा. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"चोरीचा नाही ना? मी बाजारात घेतला."

"नाही जी. तुमचाच आहे. याच्या बदल्यात दोन देतो, चांगले."

"दोन कायले? माणसाले तोंड एकच असते." तो हसला आणि मग पाराकडं मान केली. "पोळ्यापासून थे लोक मले चिलीम देत नाहीत. पाणी देत नाहीत. पाण्याचं काही नाही, माही विहीर हाय. पण चिलीम एकट्यानं ओढता येते का तुम्हीच सांगा? चिलीम भरायले एक पाह्यजे, ओढायले चार. मी करून पाह्यलं. ओढली, अन् सवयीनं बाजूले हात केला, तं बाजूले कोणीच नाही. मंग हे भेटलं. हे साहेब लोकाईनं एकट्या माणसासाठीच काढलं असन."

मी इतकी वर्षं पाइप विकले, पण पाइप म्हणजे काय हे मला इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. मला त्या म्हाताऱ्याचं वाईट वाटलं आणि माईंचंही. पाइप एक आणि गरजू दोन.

उठलो आणि नायकाकडं गेलो. तांड्याचा नायक गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस होता. भांडण काय होतं ते त्यानं सांगितलं. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी नायकाची जाते, तो मान. हरसिंगनं यंदा आपली जोडी मधे घुसवली आणि तोरण तोडलं. म्हणे माझे बैल उंच आहेत. पंचांनी दंड सांगितला, तर म्हणाला, "बैलाले मान कळते का? कळत असन तं त्यालेच दंड मागा."

"दंड आम्ही कवाच सोडला," नायक म्हणाला. "त्यानं फक्त यावं, सगळ्यायच्या समोर चिलीम भरावी अन् मले द्यावी. झालं. दसरा झाल्यावर येणारच होता जी थो! आजवर चिलमीबिगर दीड महिन्याच्या वर कोणी टिकला नाही. पण तेवढ्यात त्याले ते हत्यार सापडलं. आता धूर काढत आमच्यासमोरून जाते. तुम्ही थो पाइप घेऊन जा न बाप्पा. तुमचे उपकार होतील."

"जबरदस्तीनं कसा नेऊ?"

नायक जवळ सरकला. "परवा काळी आमास. आमच्या पोरी मेरा घेऊन निघतात." मेरा म्हणजे त्यांच्यातली दिवाळीची चाल. लग्न न झालेल्या मुली हातात दिवे घेऊन, गात गात तांड्यातल्या एकेका दारी जातात, नायकाच्या घरापासून सुरुवात, आणि प्रत्येक घरच्या वडीलधाऱ्याचा आशीर्वाद घेतात. "हरसिंगची पोरगी सोनाबाई. लग्न ठरलं तिचं, फागुनात जाते. हा तिचा आखरी मेरा. पोरीचा काय दोष, म्हून तिले आम्ही संगं घेतलं. पण ज्याचं हुक्कापाणी बंद त्याच्या दारी दिवा जात नाही. म्हंजे पोरगी सगळ्या तांड्याच्या दारी जाईन, अन् आपल्या बापाच्या दारावरून पुढं निघून जाईन. मलेच झोप येऊन नाही राह्यली."

हे हरसिंगला माहीत होतं का? होतं. मी परत ओट्यावर गेलो तेव्हा सोनाबाई अंगणात दिव्यांसाठी वाती वळत होती. बापाकडं पाहत नव्हती आणि बाप तिच्याकडं पाहत नव्हता. मी विषय काढला तर म्हातारा म्हणाला, "जाऊ दे. दिव्याले काय, कोठीबी जळते." आणि पाइप ओढायला लागला. पाइप हुक्क्यासारखा गुडगुडला. म्हाताऱ्याचं तोंड कडू झालं आणि तो थुंकला.

आता जे मी केलं त्याला कोणी युक्ती म्हणेल. पण माझ्या धंद्याच्या दृष्टीनं ते शंभर टक्के खरं होतं. म्हटलं, "बापू, पाइप कडू झाला ना?"

"झाला. चार दिस झाले."

"होणारच. पाइपाला विसावा लागतो. तुम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत ओढता, आत गुळाचा चिकटा बसला आहे. बैलाला कसं, सारा दिवस जुंपला तर बसतो. द्या इकडं, साफ करून देतो. घेऊन जात नाही, तुमच्या डोळ्यांसमोर इथंच ठेवतो."

बैलाचं नाव काढल्यावर त्यानं दिला. माझ्या पिशवीत औषधाच्या बाटलीत थोडं स्पिरिट असायचंच. सोनाबाईनं मीठ बारीक करून आणलं. वाटीत भरलं, वर स्पिरिट सोडलं आणि पाइप कोनाड्यात उभा करून ठेवला. "आता आमासेच्या दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात लावायचा नाही. लावला तर फुटेल." फुटेल हे मात्र मी पदरचं घातलं.

राळेगावला एका ओळखीच्या मास्तरांकडं राहिलो आणि आमासेला दुपार कलल्यावर तांड्यावर आलो. म्हातारा ओट्यावर होता आणि त्याची दशा पाहवत नव्हती. बसायचा, उठायचा, कोनाड्यापाशी जायचा, मिठाकडं पाहायचा, परत यायचा. काडी चघळून पाहिली, टाकली. पलीकडं पारावर सणाची गर्दी. आज तिथं हसणंही जास्त होतं आणि धूरही. वारा नेमका इकडंच येत होता.

"कवा सुकते हे?" त्यानं मला विचारलं.

"सकाळी."

"मरो तुमचं मीठ."

दिवे लागणीची वेळ झाली. नव्या घागऱ्यांतल्या मुली दिवे घेऊन नायकाच्या दारासमोर जमल्या. सोनाबाई घरातून निघाली. बापासमोरून गेली, दोन पावलांवर थांबली, मान न वळवता उभी राहिली आणि मग गेली. म्हातारा तिच्या पाठीकडं पाहत राहिला. मग उठला, मुंडासं सारखं केलं आणि सरळ पाराकडं चालायला लागला. मी ओट्यावरच थांबलो. माझं तिथं काम नव्हतं.

पारावर हरसिंग सगळ्यांच्या मधे जाऊन उभा राहिला. हरसिंगनं कंबरेची तमाखूची थैली काढली. खाली बसून त्यानं चिलीम भरली, साफी पाण्यात भिजवून पिळली, गुंडाळली, निखारा ठेवला आणि दोन्ही हातांनी नायकापुढं धरली. नायकानं झुरका घेतला. मग थोडं सरकून शेजारी जागा केली आणि चिलीम परत हरसिंगच्याच हातात दिली. म्हातारा असा झुरका ओढायला लागला की चिलमीवर जाळ उठला. इकडं मुलींनी गाणं धरलं, नायकाचा आशीर्वाद घेऊन दिवे पुढं निघाले. दुसरं घर झालं. तिसरं झालं.

"अबे हरसिंग," नायक ओरडला, "दारात कोण उभं राहीन तुह्या?"

म्हाताऱ्यानं चिलीम शेजाऱ्याच्या मांडीवर टाकली आणि जो पळत सुटला, तो मला ओट्यावरून जवळजवळ ढकलून दारात जाऊन उभा राहिला. धाप लागलेली. मुंडासं सुटलेलं. दिवे आले, सोनाबाई पुढं होती. तिनं गात गात बापासमोर दिवा धरला. आशीर्वादासाठी त्यानं हात वर केला, तोंड उघडलं, पण तोंडातून निघाला तो आधी आत राहिलेला धूर आणि मग हुंदका. मुली गायच्या थांबून हसायला लागल्या. सोनाबाई हसत होती आणि रडतही होती. मीही तेच करत होतो.

सकाळी त्यानं स्वतः मीठ झाडून पाइप माझ्या हातात दिला. दुसरा पाइप घेतला नाही, पैसे घेतले नाहीत. "त्या बाईले सांगजा, हरसिंगच्या पोरीचा मेरा झाला."

पाडव्याची पहिली एस.टी. पकडून यवतमाळला उतरलो. दुकानात बसून जळलेली कड बारीक कागदानं घासली, मेण लावलं. आता प्रश्न तोंडीचा. बदलली तर नानासाहेबांना लगेच कळणार, नाही बदलली तर उष्टी. हा निर्णय माझा नव्हता. वकीलसाहेब यायच्या आत मागच्या दारानं माईंकडं गेलो आणि कुणाच्या तोंडात होता, कसा होता, का होता, सगळं सांगितलं. मी सांगत असताना हातातलं तबक त्यांनी खाली ठेवलं नाही. सोवळ्याच्या बाई, आता काय म्हणतात म्हणून मी थांबलो. त्या म्हणाल्या, "पोरगी दारावरून पुढं गेली असती हो!" आणि पाइप पदरानं पुसून झोपाळ्यावर ठेवला, जसा होता तसा.

चार दिवसांनी नानासाहेब दुकानात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी मनातून घाबरलो. कादरभाईंनी खुर्ची पुढं केली. नानासाहेब बसले, पाइप काढला, वाटीची कड आम्हा दोघांना दाखवली.

"पहिल्या झुरक्यालाच गुळाचा वास आला," ते म्हणाले. "मी माईला विचारलं, हा कुणी ओढला? म्हटलं, दोन शब्दांत सांगेल. गुलाबराव, ती बोलायला लागली ती थांबेना. भांडेवाली, तांडा, तो म्हातारा, त्याची मुलगी. मधेच स्वतःच्या माहेरच्या दिवाळीचं निघालं, वडिलांचं निघालं. चाळीस वर्षं मी समजत होतो, आमच्या घरात सांगण्यासारखं फक्त माझ्याकडंच असतं."

त्यांनी पाइप खिशात ठेवला आणि जायला उठले. दारात थांबून म्हणाले, "पाइप कधी विझला, मला कळलंच नाही. तिचं संपलं तेव्हा दिवेसुद्धा विझले होते."